मागांचे मोजे

६ जानेवारी

आत्या,

पोचले. कारखान्याने मला सुताच्या गोदामावरची खोली दिली आहे. दोन खाटा, दोन कपाटं, दोन खुर्च्या आणि राहणारी मी एकटी. दुसऱ्या खाटेवर पुस्तकं मांडून ठेवली, म्हणजे ती अगदीच रिकामी दिसायला नको. खिडकीतून खाली पेट्या उतरवणारी माणसं दिसतात. काल दुपारी एकाने वर बघून हात केला. मीही हसून केला. मग कळलं, तो माझ्या डोक्यावर गच्चीत उभ्या असलेल्या माणसाला खुणावत होता. पटकन पडदा ओढला.

आज पहिल्यांदा मागांच्या शेडमध्ये गेले. एकशे बारा माग. तू नेहमी म्हणायचीस, तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, पोटाने ऐकायचा असतो. खरंय. दारातून आत पाऊल टाकलं आणि विचार करणंच थांबलं. प्रयोगशाळेत आमचा एकच माग होता. सहा वर्षं मी त्या एका मागाखाली रबर आणि लोकरीचे थर घालून आवाज मोजला, लेख लिहिले, सरांनी पाठ थोपटली. आता सर म्हणतात, "कागदावर चाललं. आता कारखान्यात रोज, सगळ्यांच्या हाताखाली चालतंय का, ते वर्षभर राहून बघ." विद्यापीठ आणि कारखाना यांच्यात तसा करार झाला आहे. त्या थरांच्या माझ्या गाद्या मागांच्या पायांखाली आणि सूत घेऊन पळणारा धोटा जिथे आपटतो तिथे बसवायच्या. आवाज इतका खाली आणायचा, की शेजारच्या बाईने मोठ्याने हाक मारली तर ऐकू यावी.

एक गंमत. इथल्या बायका आवाज न काढता बोलतात. तोंड मोठं उघडून, ओठ ताणून, पंचवीस फुटांवरून. मी आत गेले तशी एकीने काहीतरी म्हटलं आणि अख्खी रांग हसली. माणसं चांगली आहेत.

मी हे काम का निवडलं, ते सरांनाही सांगितलेलं नाही. आई गेली आणि माझ्यासाठी तू माग सोडलास, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुझे कान मी परत आणू शकत नाही. पण इथल्या कुणाचे तरी वाचतील.

तुझी भिंगरी

&nbsp;

१५ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईने, दुसऱ्यांदा चहाबरोबर.

त्या बायका काय म्हणाल्या असतील, ते मी इथे बसून सांगते: तुझ्या चपलांबद्दल. नवीन माणसाच्या आधी चपला बघतात. आमच्या शेडमध्ये अख्खा सिनेमा असा ओठांवरून सांगून व्हायचा, पहिल्या मागापासून शेवटच्यापर्यंत. मधली एखादी बाई काहीतरी पदरचं घालायची, त्यामुळे शेवटच्या मागाकडे पोचेपर्यंत नायिका दोनदा मेलेली असायची. भांडणं झाली, लग्नं ठरली, एकीने तर तिथेच नवऱ्याला सोडायचं ठरवलं आणि सोडलंही. मुकादम मधून फिरायचा आणि त्याला वाटायचं, बायका जांभया देताहेत.

तू पहिले आठ दिवस ती वही खोलीत ठेव. तेलाचा डबा हातात घे आणि ज्या बाईचा माग असेल तिला विचारून तेल घाल. वही घेतलेलं माणूस म्हणजे तक्रार लिहिणारं माणूस, असंच सगळ्यांना वाटतं.

आणि माणसं चांगली आहेत हे तू एका ओळीत उरकलंस. चांगल्या माणसांबद्दल तू पानभर लिहितेस, मला माहीत आहे. जेवायला कुणाबरोबर बसतेस? खोलीत दोन खाटा आहेत हे मला मुद्दाम कशाला कळवलंस? कुणी मनात असेल तर सरळ सांग, मी काही रागावत नाही. तुझं वयच आहे, किंबहुना ते सरत चाललंय.

माझ्या नोकरीचं मागचं मात्र उकरत बसू नकोस. झालं ते झालं.

आत्या

&nbsp;

२० फेब्रुवारी

आत्या,

मनात कुणी नाही. खाट रिकामी आहे म्हणून रिकामी लिहिली, एवढंच. जेवते खोलीत, पाव आणि उकडलेली अंडी. खाली सगळ्या घोळक्याने बसतात. मी गेले की घोळका सरकून जागा करतो आणि मग कुणी बोलत नाही. त्यापेक्षा वर बरं.

तुझ्यापासून लपवत होते, पण आता सांगते. पहिल्या गाद्या फसल्या. प्रयोगशाळेतला माग आम्ही रोज पुसायचो. इथले माग दिवसभर तेल गाळतात. तिसऱ्या आठवड्यात माझ्या गाद्या तेल पिऊन फुगल्या, माग एका अंगाला कलले आणि बारा मागांच्या कापडात आडव्या रेघा उठल्या. सगळं कापड बाद. ज्या बायकांचं बाद झालं, त्यांनी मला काही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. सरांना मी लिहिलं, "किरकोळ अडचणी आहेत."

इथे एक बाई आहेत, त्यांना सगळ्या मास्तरीण म्हणतात. शाळेत कधी शिकवलं नाही. शेडमध्ये येणारी प्रत्येक नवी मुलगी त्यांच्या हाताखालून गेली आहे, म्हणून मास्तरीण. एकट्या चार माग सांभाळतात आणि सूत तुटायच्या आधीच हात तिथे पोचलेला असतो. पहिल्या दिवशी माझ्यावरचा विनोदही त्यांचाच होता, एका मुलीने मला परवा सांगितलं. चपलांबद्दल नव्हता. "ही पोरगी मागांना मोजे घालायला आलीय." तेव्हापासून शेडभर माझं नाव मोजेवाली.

गाद्या काढून टाकायच्या ठरल्या, त्या दिवशी मी मागाखाली गुडघ्यांवर बसून खरडून काढत होते. मास्तरीण शेजारी येऊन बसल्या. बोटाने दाखवलं, तेल कुठून येतं, कुठे साचतं, कुठून वळतं. मग माझ्या हातातली गादी घेतली, खिशातून चामड्याचा तुकडा काढला, जुन्या पट्ट्याचा असावा, आणि ती गादी त्यात अशी गुंडाळली की शिवण वरच्या बाजूला आली. "आता घाल मोजे," म्हणाल्या. "आधी बूट हवेत, एवढं कळत नाही?"

सहा वर्षांत आम्हाला कुणाला हे सुचलं नव्हतं. चार मागांना तसं करून बघितलं. पंधरा दिवस झाले, गादी कोरडी आहे.

भिंगरी

&nbsp;

२ मार्च

भिंगरे,

मोजेवाली! मी एकटीच घरात मोठमोठ्याने हसले. मोठ्याने की हळू, ते मला काय कळणार म्हणा, पण शेजारची शिंपीण बघायला आली, म्हणजे मोठ्यानेच असेल.

तुझ्या सरांना ते चामड्याचं सांगितलंस का? आणि कुणाचं डोकं होतं, तेही सांग. लेखात नाव घालता येत नसेल तर निदान पत्रात घाल.

आता खाली जाऊन जेव. नाव मिळालं म्हणजे घोळक्यात घेतलं. मला नाव पडायला पाच महिने लागले होते, आणि ते इतकं वाईट होतं की तुला सांगणार नाही.

ही मास्तरीण किती वर्षांची आहे? तू बोलतेस तेव्हा ती तुझ्या डोळ्यांकडे बघते की तोंडाकडे? पाठमोरी असताना कुणी बोललं तर काय करते?

सहज विचारलं. असू दे.

आत्या

&nbsp;

९ मे

आत्या,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. एकशे बारा माग झाले! शेवटच्या मागाच्या पायाखाली गादी गेली, सगळे माग एकदम सुरू केले आणि मुकादम दुसऱ्या टोकावरून ओरडला, "चालू झाले का?" ते ऐकू आलं. सगळ्यांनी माना वळवल्या. या शेडमध्ये माणसाचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

मग चमत्कारिकच झालं. एक मुलगी कामाच्या नादात गाणं म्हणत होती. रोजच म्हणत असणार, स्वतःलाही न कळता. तिचं गाणं सगळ्यांना ऐकू गेलं. ती इतकी लाजली की मागामागे खाली बसली. दुसरी एक उगाच रडली. मुकादम मात्र खूष आहे. आता तो जागेवरून ओरडून कामं सांगतो. आणि बायकांचं ते ओठांचं बोलणं जवळपास थांबलं आहे. बोलायला गेलं की सवयीने आवाज निघतो आणि तो मुकादमाला ऐकू जातो. परवा एकीला पहिल्यांदा समज मिळाली, कामात गप्पा मारल्याबद्दल.

सर आले होते, विद्यापीठातले पाहुणे घेऊन. फोटो काढले. "संशोधन कपाटातून बाहेर पडून माणसांपर्यंत पोचलं," असं भाषण झालं. कारखाना दुसऱ्या दोन शेडमध्येही गाद्या बसवणार आहे. मग सगळ्यांसाठी जेवण होतं. मी सरांच्या टेबलावर बसले. पलीकडच्या टेबलांवर बायका होत्या, तिथून मला कुणीतरी मोजेवाली म्हणून हाक मारली. उठून जावं असं फार वाटलं, पण सर बोलत होते.

शेवटच्या अहवालासाठी आणखी एक मोठं काम केलं. चौसष्टच्या चौसष्ट बायकांचे कान तपासले. शांत खोलीत, कानाला यंत्र लावून, एकेक करून. इतक्या वर्षांच्या आवाजाने कुणाचं किती गेलं, ते आकड्यांत दाखवणारा तक्ता. असा तक्ता आपल्याकडे कुणी केलेला नाही, सर म्हणाले. करारानुसार एक प्रत कारखान्याला दिली.

तू विचारलं होतंस ना? मास्तरीण तोंडाकडेच बघतात. यादीत त्या पहिल्या आहेत, म्हणजे सगळ्यांत वाईट. ऐकू आलं की बोट वर करायचं असतं; यंत्राचा आवाज मी पुरता वाढवला तरी त्यांचं बोट वर गेलं नाही. तू इतक्या लांबून कसं ओळखलंस?

भिंगरी

&nbsp;

१४ मे

भिंगरे,

ती यादी कारखान्याकडून परत घे. आजच्या आज. पत्र वाचून होईल तशी ऊठ आणि जा. तुझ्या सरांना विचारत बसू नकोस.

का ते मग लिहीन.

आत्या

&nbsp;

१ जून

आत्या,

तुझं पत्र वाचून मला राग आला होता, तो आधी कबूल करते. सहा वर्षं आणि पाच महिने घालून मी तुझ्यासाठी काहीतरी उभं केलं, आणि तुझ्याकडून एका शब्दाचं कौतुक नाही, उलट हुकूम. चार दिवस मी काहीच केलं नाही. ते चार दिवस मला आता परत हवे आहेत.

पाचव्या दिवशी दारावर नोटीस लागली. शेडमध्ये आता सूचना तोंडी आणि भोंग्याने दिल्या जातात. म्हणून सुरक्षिततेसाठी, ज्यांना अमुक पातळीखाली ऐकू येतं त्यांनी मागावर उभं राहायचं नाही. आठ जणींची नावं. माझ्याच तक्त्यातल्या पहिल्या आठ, माझ्याच क्रमाने. त्यांना सुताचा कचरा वेचायला मागच्या खोलीत पाठवलं.

मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "या बायका वीस-वीस वर्षं याच शेडमध्ये उभ्या आहेत. एकीलाही अपघात झालेला नाही."

"तेव्हा कुणालाच ऐकू येत नव्हतं, बाई. तेव्हाची पद्धत वेगळी होती. आता येतं."

"मी कान तपासले ते आवाजाने काय नुकसान केलं हे दाखवायला. त्यांना काढायला नाही."

"आकडा तुमचाच आहे ना? खोटा आहे का?" त्यांनी तक्ता माझ्यासमोर सरकवला. "उद्या एखादीला भोंगा ऐकू आला नाही आणि काही झालं, तर मला कुणी विचारेल, तुमच्याकडे हा कागद होता, तुम्ही काय केलंत? मी काय सांगू?"

मी बाहेर आले. सरांना फोन केला. ते म्हणाले, "आपण मोजायचं काम करतो. निर्णय त्यांचा. फार गुंतू नकोस."

सात जणी मागच्या खोलीत गेल्या. मास्तरीण गेल्या नाहीत. त्यांनी चारही माग बंद केले, एकेक करून, हाताने पुसले आणि निघाल्या. मी दारात उभी होते. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या, मी काय म्हणते ते बघायला. माझे ओठच हलले नाहीत.

आता खाली कुणी मला मोजेवाली म्हणत नाही. मॅडम म्हणतात.

तुला आधी कसं कळलं, आत्या?

भिंगरी

&nbsp;

१० जून

भिंगरे,

हे पत्र मी आजच लिहायला घेतलं असं वाटून घेऊ नकोस; तारीख आजची घालते, पण सुरुवात तुझं पत्र आलं त्याच दिवशी केली होती. तीन कागद फाडले.

मी तुझ्यासाठी माग सोडला नाही.

माझे कान एकतिसाव्या वर्षी गेले. एकदम नाही, वरचे आवाज आधी, मग पाखरं, मग माणसं. शेडमध्ये कुणालाच पत्ता लागला नाही. कसा लागणार? तिथे सगळ्याच ओठांवर बोलायच्या. घरी मी कमी बोलते असं म्हणायचे. अकरा वर्षं मी असं रेटलं. मुकादम आला की मी त्याच्या तोंडावरची नजर काढायची नाही. एका वर्षी त्याने मिशा वाढवल्या तेव्हा माझी झोप उडाली, कारण वरचा ओठच दिसेना. महिनाभर मी त्याच्या भुवयांवरून काय ते ओळखत होते.

मग मला बढती मिळाली. कापड तपासायच्या खोलीत. काचेच्या टेबलावर दिवा, छान बसून काम, आणि एकदम शांत. सगळ्या म्हणाल्या, नशीब काढलंस. मला तिथे पाऊल टाकतानाच कळलं की मी संपले. तिसऱ्या दिवशी साहेब मागे उभा राहून म्हणाला, ते ठाण बाजूला ठेवा. तीनदा म्हणाला म्हणे. चौथ्यांदा त्याने टेबलावर हात आपटला तेव्हा काच हलली म्हणून मी वळले. पुढच्या आठवड्यात कामावरून काढल्याचा कागद हातात दिला.

त्याच महिन्यात तुझी आई गेली. दादाने विचारलं, पोरीला सांभाळायला येशील का? मी आले. चार लोक म्हणाले, बघा, भाचीसाठी लागलेली नोकरी सोडली. मी खोडून काढलं नाही. काढून टाकलेल्या बहिऱ्या बाईची कीव करतात. नोकरी सोडून आलेल्या आत्याला उठून खुर्ची देतात. मला खुर्ची हवी होती. नंतर तू मोठी झालीस, तूही तेच मानायला लागलीस, आणि मग खरं सांगायची वेळ निघून गेली. तू माझ्या ओझ्याखाली वाढलीस, हे मला दिसत होतं. तरी मी गप्प राहिले.

मार्चमध्ये तुला मास्तरणीबद्दल विचारलं तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तू ती यादी केली नसतीस, किंवा केली असतीस तर कपाटात ठेवली असतीस. तेव्हा तुझ्या चार दिवसांचा हिशेब मांडू नकोस. माझी अठ्ठावीस वर्षं त्याच्या आधी येतात.

आता रडत बसू नकोस, कामाचं बोलू. मुकादम ओरडून सांगतो आणि भोंगा वाजतो, एवढंच ना? मग जे ओरडून सांगतात ते दिव्याने सांगता येत नाही का? माझ्याकडे दाराची घंटा दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागतो, पेट्रोमॅक्सइतका लख्ख. वायरमनने अर्ध्या दिवसात करून दिला. तू तर एवढी शिकलेली.

रागावली असशील तर रागावलेलं पत्र लिही. पण लिही.

आत्या

&nbsp;

२८ ऑगस्ट

आत्या,

अकरा आठवडे तुला लिहिलं नाही. तू शिंपिणीकरवी फोन करवलास, तो मी घेतला नाही. खोलीत होते, फोन खालच्या कचेरीत होता, बोलावणं आलं, आणि मी सांगितलं की झोपले आहे. दुपारचे बारा वाजले होते.

तुझं पत्र वाचून आधी हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग फार रिकामं वाटलं. इतकी वर्षं मी सगळं काही तुझी परतफेड म्हणून करत आले होते. अभ्यास, हे काम, हा कारखाना. ते देणंच नव्हतं म्हटल्यावर मी इथे या गोदामावर एकटी कशासाठी बसले आहे, तेच कळेना. राग होताच. मग एकदा सकाळी वेणी घालताना आठवलं, की शाळेच्या दहा वर्षांत माझी वेणी एक दिवसही दुसऱ्या कुणी घातली नाही. त्यासाठी तुला कुणी कागद दिला नव्हता. एवढं मला पुरलं. यापुढे हा विषय तू काढू नकोस, मीही काढणार नाही.

दिवे झाले. सर म्हणाले, हे करारात नाही. मी म्हटलं, मग माझ्या सुट्टीत करते. कारखान्याचा वायरमन माझ्याबरोबर तीन आठवडे राबला. प्रत्येक मागाच्या खांबावर दोन दिवे: पिवळा लागला की मुकादम बोलावतोय, तांबडा लागला की भोंगा झालाय, हात काढा. मग मॅनेजरना शेडमध्ये उभं केलं, भोंगा वाजवला, दिवा लावला, आणि घड्याळ लावून मोजलं. मागच्या खोलीतल्या सात जणींनी तांबडा बघून जेवढ्या वेळात हात काढले, त्याहून ऐकू येणाऱ्यांना भोंग्यावर जास्त वेळ लागला. मॅनेजरनी तो कागद हातात घेतला. म्हणाले, "हाही आकडा तुमचाच?" मी म्हटलं, "खोटा आहे का?"

सहा जणी मागावर परत आल्या. सातवीला ती मागची खोलीच आवडायला लागली आहे, बसून काम म्हणून. मास्तरणींना कारखान्याने दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

एका ओळीतलं शेवटचं घर. घंटा वाजवली, दार वाजवलं. बाजूच्या खिडकीतून त्या दिसत होत्या, पाठमोऱ्या, टेबलाशी बटाटे सोलत. पलीकडची शेजारीण बाहेर आली. म्हणाली, "नाही उघडायची ती. फार चढेल बाई आहे. आम्ही इतक्या हाका मारतो, मान वळवत नाही." माझ्या अगदी तोंडावर आलं होतं की अहो, त्यांना ऐकू येत नाही. आत्या, मी जीभ चावली. मी म्हटलं, "कामात असतील, थांबते मी." आणि पायरीवर बसले. मधून मधून उठून खिडकीत बघायचे. त्या एकट्याच बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्याच शेडमधल्या पद्धतीने, मोठे मोठे, ताणून. समोर कुणी नव्हतं. नुसती भिंत.

दीड तासाने त्या साली टाकायला वळल्या आणि मी दिसले. दार उघडलं. आत घेतलं. खुर्ची दिली. मी म्हटलं, "मास्तरीणबाई, माझं चुकलं. मला माफ करा."

"काय?"

मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"काय म्हणतेस?"

मी उठले, शेजारणीच्या बाजूची खिडकी लावून घेतली, परत येऊन समोर उभी राहिले आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "माझं चुकलं! माफ करा!"

त्यांनी टेबलावरची सुरी उचलली. मग म्हणाल्या, "पहिल्या वेळीच कळलं होतं. किती जोरात म्हणतेस ते बघायचं होतं."

मी दिव्यांचं सांगितलं, सहा जणींचं सांगितलं, चारही माग तुमची वाट बघताहेत म्हटलं. त्यांनी मान हलवली. "छान केलंस. पण मी येणार नाही. त्या शेडमध्ये आम्ही सगळ्याच बहिऱ्या होतो, म्हणजे कुणीच बहिरी नव्हती. आता तिथे मीच एक बहिरी. दिव्याकडे बघेन मी, पण बोलू कुणाशी? त्या तर आता तोंडाने बोलतात." मग हातातली सुरी पुसत म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही. तू चांगलंच करायला आली होतीस. नव्या पोरींचे कान राहतील. माझ्यापुरतं मात्र तू होतं ते घर मोडलंस."

मी खुर्चीत बसले. त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं. मिशांचंसुद्धा. तेव्हा पहिल्यांदा हसल्या, आणि किती तरी वेळ विचारत राहिल्या. तू किती माग चालवायचीस, रांगेत कुठे उभी असायचीस, तिकडे सिनेमा कसा सांगत होत्या, "मेली" हे ओठांवर कसं दाखवायच्या. मला काहीच सांगता येईना. "तिला यातलं काही कधी विचारलंच नाहीस का?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

करार डिसेंबरात संपतो. पुढे कुठे जायचं, ठरवलेलं नाही.

भिंगरी

&nbsp;

४ सप्टेंबर

भिंगरे,

"मेली" हे तोंडाने दाखवत नाहीत, डोळे वर करून दाखवतात. पण हे असं कागदावर लिहून तिला काय कळणार?

मी येते. बुधवारची सकाळची गाडी आहे, तुझ्याकडे पाचला पोचते. कान गेल्यापासून एकटीने गाडीत पाऊल टाकलं नाही, कारण स्टेशनं पुकारतात ती कळत नाहीत आणि लोकांना सारखं विचारत बसायची लाज वाटते. या वेळी शिंपिणीने सगळी स्टेशनं क्रमाने एका कागदावर लिहून दिली आहेत. एकेक खोडत येईन. चुकलेच तर चुकीच्या गावात उतरून विचारेन, आणि सरळ सांगेन की मला ऐकू येत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. दोन दिवस झाले, आरशासमोर म्हणून बघतेय.

मास्तरणीला सांग, गुरुवारी आम्ही दोघी बसू. तूही बस, पण मध्ये बोलू नकोस. तुला काही कळणार नाही, तरी बघत राहा.

पाच वाजता फलाटावर ये. हाका मारू नकोस. समोर येऊन उभी राहा.

आत्या